सोलरच्या गरम पाण्याचा दाब रात्री उतरतो तेव्हा

घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं. तळमजला चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, वरचा मजला स्लॅबचा. गच्चीवर १००० लिटरची टाकी, तिच्या पायथ्याशी प्रेशर पंप, पंपाला जोडलेला २४ लिटरचा आडवा प्रेशर टँक आणि पुढे दोन सपाट पॅनलचा, दाबावर चालणारा २०० लिटरचा सोलर हीटर. पाणी ओपाच्या सरकारी जलप्रकल्पाच्या लाइनचं, कमी पडलं की विहिरीचं. तक्रार अशी की गरम पाणी सुरुवातीला जोरात येतं आणि मग मंदावतं, थंड मात्र व्यवस्थित येतं. याआधी येऊन गेलेल्यांनी पंप लहान पडतो असं सांगून मोठा पंप सुचवला होता. पण खरा धागा घरातल्या काकींच्या एका वाक्यात होता: "रात्री कोणी नळ सोडत नाही, तरी पंप वीस-वीस मिनिटांनी आपसूक चालू होतो."

कोणी पाणी वापरत नसताना पंप चालू होतो, म्हणजे दाब कुठेतरी उतरतो आहे. नळाला पाणी मंद येतं, म्हणजे वाटेत काहीतरी अडतं आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि ती एकत्र आली की माणूस पंपालाच दोष देतो. म्हणून पंपाला हात लावण्याआधी आम्ही मोजायला घेतलं.

साहित्य फार लागत नाही. ० ते १० बारचे, ग्लिसरीन भरलेले दोन प्रेशर गेज, अर्धा इंची टी आणि निपल, टेफलॉन टेप, गाडीच्या टायरची हवा मोजायचा गेज, पायाने मारायचा हवेचा पंप, खुणा असलेलं एक लिटरचं भांडं, १० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. गेज लावण्याआधी तो मोकळ्या हवेत शून्यावर येतो की नाही ते पाहावं. अजून एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जवळपास १ बार असतो, त्यामुळे गच्चीवर ३ बार दाखवणारी लाइन ६ मीटर खाली तळमजल्यावर ३.६ दाखवणार. एक आकडा वर घेतला आणि दुसरा खाली, तर तुलनेला अर्थ राहत नाही. या लेखातले सगळे दाब गच्चीवरचे आहेत.

पंपाचा स्विच १.५ बारला चालू (कट-इन) आणि ३ बारला बंद (कट-आउट) असा लावलेला होता. संध्याकाळी सगळे नळ बंद करून पंपाला ३ बारवर थांबू दिलं आणि मग त्याचा एमसीबी पाडून वीज बंद केली. वीस मिनिटांत सुई १.५ वर आली. काकींचं घड्याळ अचूक होतं.

आता पाणी कोणत्या फांदीतून जातं ते शोधायचं. नियम एवढाच की एका वेळी एकच बॉल व्हॉल्व्ह बंद करायचा, दाब पुन्हा ३ वर आणायचा आणि सुईकडे पाहायचं. आधी प्रेशर टँकच्या पुढचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. अर्धा तास सुई जागची हलली नाही. पंपाचा स्वतःचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळका असता तर पाणी उलटं वरच्या टाकीत गेलं असतं आणि सुई इथेच पडली असती. त्यामुळे पंप, त्याचा एनआरव्ही आणि तिथले सांधे यादीतून गेले. मग मुख्य व्हॉल्व्ह उघडून हीटरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, थंडाची सगळी लाइन चालू ठेवली. सुई स्थिर. फ्लशच्या टाक्या, वॉशिंग मशीन, बागेचा नळ, सगळे निर्दोष. तिसऱ्या वेळी हीटरची आवक उघडी ठेवून त्यातून घरात उतरणारी गरम लाइन बंद केली. सुई आधीच्याच वेगाने पडली.

ही तिसरी पायरी चिऱ्याच्या घरात फार महत्त्वाची. जांभा दगड पाणी पिऊन घेतो. भिंतीतला बारीक सांधा महिनोन् महिने गळत राहतो आणि बाहेर फक्त रंगाला फोड येतो, तोही गोव्याच्या पावसाळ्यात कोणी मनावर घेत नाही. त्यामुळे दाब उतरला की भिंत फोडायची घाई होते. इथे गरम लाइन बंद असतानाही दाब पडत होता, म्हणजे ही गळती भिंतीतली नव्हती. तरी खात्री म्हणून ती बंद केलेली लाइन गार होऊ दिली, हाताच्या टेस्ट पंपाने ५ बारला नेली आणि अर्धा तास ठेवली. अशा बंद पाइपात हवेची गादी नसते, त्यामुळे चमचाभर पाणी गेलं तरी सुई लगेच खाली येते. ती आली नाही. पाइप गार होण्याआधी हीच चाचणी घेतली असती तर पाणी आकसल्यामुळे सुई पडली असती आणि आम्ही नसलेली गळती शोधत बसलो असतो.

राहिला हीटर. टाकी कोरडी, पॅनलचे सांधे कोरडे. जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड मात्र दिसेना. त्याला जोडलेला पाइप गच्चीच्या पावसाच्या पाइपात आत सारून सिमेंटने बुजवला होता. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून पाणी येतं की नाही ते डोळ्यांना दिसलंच पाहिजे, ती त्याची अर्धी उपयुक्तता आहे. सिमेंट फोडून पाइप मोकळा केला आणि खाली भांडं ठेवलं. दहा मिनिटांत ६० मिलिलिटर. तासाला ३६० मिलिलिटर, बारा तासांच्या रात्रीत चार लिटरहून जास्त.

गळती सापडली, पण हिशेब जुळत नव्हता. वीस मिनिटांत जेमतेम १२० मिलिलिटर पाणी जातं आणि तेवढ्याने दाब ३ वरून १.५ वर येतो, हे निरोगी प्रेशर टँक असलेल्या घरात होऊच शकत नाही. टँकमध्ये रबरी फुगा असतो. त्याच्या आत पाणी, बाहेर दाबलेली हवा. हवेचा दाब आणि तिने व्यापलेली जागा यांचा गुणाकार कायम राहतो, फक्त हिशेबात गेजच्या आकड्यात वातावरणाचा १ बार मिळवायचा. २४ लिटरच्या टँकमध्ये रिकामा असताना १.३ बार हवा भरलेली असेल, तर ३ बारला त्यात सुमारे १०.२ लिटर पाणी मावतं आणि १.५ बारला १.९ लिटर उरतं. मधले ८.३ लिटर गेल्याशिवाय पंपाने चालू व्हायचं कारण नाही. म्हणजे हीच गळती असूनही पंप सुमारे तेवीस तासांतून एकदा चालू झाला असता आणि कोणाला कळलंही नसतं.

मग टँक पाहिला. शेवटच्या टोकाला टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन नखाने दाबली की हवा यायला हवी. इथे पाणी आलं, गंजाच्या रंगाचं. फुगा फाटलेला होता. पिन दाबल्यावर नुसती हवा आली असती तर पाणी पूर्ण काढून फक्त हवा भरली असती. इथे एक चूक सर्रास होते: लाइनमध्ये दाब असतानाच टायर गेज लावतात. तेव्हा तो गेज पाण्याचाच दाब दाखवतो आणि हवा भरपूर आहे असं वाटतं. हवा मोजताना पंप बंद, आवक बंद, खालचा एक नळ उघडा आणि पाण्याचा दाब शून्य असलाच पाहिजे.

फुगा का फाटला याचं उत्तरही हवेतच आहे. हवा वर्षानुवर्षं थोडी थोडी निसटते. ती कमी झाली की फुगा प्रत्येक फेरीला जास्त फुगतो आणि लोखंडाला घासतो. बसवल्यापासून या टँकची हवा कोणी मोजलीच नव्हती. फुगा सुटा मिळतो, पुढची गोल चकती सहा बोल्टवर असते आणि बदलायला अर्धा तास लागतो. पण फाटलेल्या फुग्यामुळे पाणी बाहेरच्या पत्र्याला लागून बराच काळ गेला होता. आत बोट फिरवलं तर गंजाचे पापुद्रे निघाले. त्यावर नवा फुगा घातला तर तोही लवकर फाटणार, म्हणून टँकच नवा घेतला. कट-इनपेक्षा ०.२ बार कमी, म्हणजे १.३ बार हवा भरली. टायर गेजवर ते १९ पीएसआय.

इथवर आल्यावर बरेच जण सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून निघतात. तो पुन्हा बिघडतो. व्हॉल्व्ह गळायला लागला तो का, हे शोधायला दुसरा दिवस लागला आणि लख्ख ऊन लागलं. नोव्हेंबर होता, ते सोपं गेलं.

दुसरा गेज हीटरच्या आवकीवर, तिथल्या एनआरव्हीच्या पुढे, म्हणजे हीटरच्या बाजूला लावला. सकाळच्या आंघोळी आटोपल्यावर साडेआठला टाकीतलं पाणी ३८ अंश, दाब ३ बार. घरच्यांना विनंती केली की चार वाजेपर्यंत गरम नळ सोडू नका. सव्वानऊला त्या गेजची सुई ६ वर गेली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, जो ६ बारचाच होता, धार सोडू लागला. पाऊण तास आणि थोड्याच अंशांची वाढ, एवढंच पुरलं. चार वाजता पाणी ७६ अंशांवर होतं आणि भांड्यांत एकूण साडेचार लिटरच्या आसपास पाणी जमलं होतं. दाब चढण्याआधीची थोडी ठिबक सोडली तर हा ओघ फुगलेल्या पाण्याचाच. ३८ पासून ७६ अंशांपर्यंत तापताना २०० लिटर पाणी सुमारे ३.८ लिटर फुगतं.

म्हणजे रात्रीचा उतरलेला दाब हे दुपारच्या चढलेल्या दाबाचं फळ होतं. पाणी तापलं की फुगतं, पाणी दाबून लहान होत नाही, आणि त्याला जायला जागा नव्हती. पूर्वी ती होती. हीटर बसवला तेव्हा आवकीवर एनआरव्ही नव्हता, त्यामुळे फुगलेलं पाणी मागे सरकून पंपाच्या प्रेशर टँकमध्ये शिरायचं. तो टँक कोणाच्या ध्यानीमनी नसताना दोन कामं करत होता. पुढे दुपारी थंड नळाला कोमट पाणी येतं म्हणून कोणीतरी आवकीवर एनआरव्ही बसवला. कोमट पाणी थांबलं, पण हीटर एका बंद डब्यात कोंडला गेला. तेव्हापासून सेफ्टी व्हॉल्व्ह रोज सकाळी उघडायचा आणि संध्याकाळी मिटायचा. तो आणीबाणीसाठी असतो, रोजच्या उघडझापीसाठी नव्हे. जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बहुधा आम्लधर्मी आणि लोहयुक्त असतं, त्या लोहाचा तांबूस गाळ व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकत गेला आणि मिटल्यावरही फट राहू लागली. दांडा उचलून दोनदा धुऊन पाहिला. ठिबक कमी झाली, थांबली नाही. काढल्यावर बैठकीच्या रबरावर खाच दिसली.

जुन्या सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा उचलण्याआधी नवा हाताशी ठेवावा, कारण पुष्कळदा तो परत नीट बसत नाही आणि दुकान बंद असलं तर रात्रभर घर पाण्यावाचून राहतं.

आणि गळणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हला प्लग मारायचा नाही, कधीही नाही. गोव्यात आम्ही ते पाहिलं आहे, गीझरवरही आणि सोलरवरही. पावसाळ्यात सोलरला मदत म्हणून टाकीत विजेचा हीटर असतो. त्याचा थर्मोस्टॅट चिकटला आणि सुटकेची वाट बुजलेली असली, तर शंभर अंशांच्या वर तापलेलं पाणी टाकी फुटताच क्षणात वाफ होतं. गच्चीचा कठडा उडवायला ते पुरेसं आहे. थेंब पडतात म्हणून प्लग मारणारा माणूस घरातल्यांच्या जिवाशी खेळतो.

दुरुस्ती पहाटे केली, ऊन पॅनलवर यायच्या आत. पंपाचा आणि विजेच्या हीटरचा एमसीबी बंद, पॅनलवर ताडपत्री, आवक बंद, मग गरम नळ उघडून दाब शून्यावर. टाकीत ५० अंशांच्या वरचं पाणी असतं, त्यामुळे आधी भरपूर गरम पाणी काढून टाकून थंड घेतलं. नवा सेफ्टी व्हॉल्व्ह पुन्हा ६ बारचाच. त्याचा आकडा टाकीच्या पाटीवर लिहिलेल्या कामाच्या दाबापेक्षा कधीच जास्त नसावा. त्याला धातूचा पाइप जोडला, उताराचा, मध्ये कुठेही व्हॉल्व्ह नसलेला, आणि तोंड जमिनीपासून वीतभर वर उघडं सोडलं.

एनआरव्ही काढला नाही, त्याचं कामही खरं आहे. त्याऐवजी एनआरव्ही आणि हीटर यांच्या मध्ये, थंड पाइपावर, टी घालून दुसरा प्रेशर टँक लावला. टँक आणि हीटर यांच्यात कोणताही व्हॉल्व्ह ठेवला नाही. कोणीतरी चुकून बंद करेल आणि सगळं मूळपदावर येईल. गरम बाजूला तो लावत नाहीत, कारण रबर उष्णतेने लवकर कडक होतं.

किती लिटरचा घ्यायचा, यावर दुकानात १२ लिटरचा पुरेल असं सांगितलं गेलं. पाणी २५ अंशांवरून ८० वर गेलं तर २०० लिटरचे साधारण ५.२ लिटर फुगतात. टँकमध्ये ३ बार हवा, म्हणजे पंपाच्या कट-आउटइतकी, भरायची, जेणेकरून तापण्याआधी तो रिकामा राहील. १२ लिटरच्या टँकमध्ये हे ५.२ लिटर शिरले तर दाब ६ बारला टेकतो, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह पुन्हा उघडणार. १९ लिटरमध्ये तो ४.५ वर थांबतो, २४ मध्ये ४.१ वर. आम्ही २४ चा घेतला. पंपाचाही तोच, त्यामुळे पुढे एकच सुटा फुगा घरात ठेवला तर दोन्हीकडे चालतो. हवा ४३ ते ४४ पीएसआय, पायपंपाने भरता येते, वेळ लागतो.

मंद पाण्याचं काम त्यामानाने लवकर उरकलं. आधीच बादली भरून पाहिली होती: थंड नळाने १० लिटरला ५० सेकंद, त्याच न्हाणीघरातल्या गरम नळाने १ मिनिट ५० सेकंद. गरम नळ चालू असताना एनआरव्हीच्या अलीकडचा गेज २.४ बार दाखवत होता आणि पलीकडचा ०.९. दीड बार त्या वीतभर अंतरात खर्च होत होता. दोन गेज अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना लावले की असा जागेवर सापडतो. तिथे वाय-गाळणी आणि तिच्यामागे स्प्रिंगचा एनआरव्ही. गाळणीची जाळी लोहाच्या लगद्याने लिंपलेली, चहाच्या गाळणीतल्या चोथ्यासारखी. एनआरव्हीच्या स्प्रिंगमध्ये खडे, त्यामुळे चकती पूर्ण उघडत नव्हती. जाळी घासली, एनआरव्ही नवा बसवला, नळांच्या तोंडच्या जाळ्या धुतल्या. फरक दीड बारवरून ०.३ वर आला आणि बादली १ मिनिट ५ सेकंदांत भरली. थंडाइतकं ते येणार नाही. अर्ध्या इंचाची लांब लाइन आणि वाटेतल्या कोपऱ्यांचा खर्च उरतोच, आणि त्यासाठी चिरा फोडण्यात अर्थ नाही.

टाकीतून निघणारा पहिला मीटर सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचा होता, तो जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा केला. एसडीआर ११ या जाडीच्या वर्गातला सीपीव्हीसी ८२ अंशांना ६.९ बार सोसतो, आणि मे महिन्यात घरचे आठवडाभर गावाला गेले की टाकीतलं पाणी त्या तापमानाच्या वर जाऊ शकतं.

सांधे वाळायला दिवसभर दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मोजमाप. नळ बंद, पंप बंद, संध्याकाळी ३ बार, पहाटेही ३. दुपारी पाणी २८ वरून ७२ अंशांवर गेलं, हीटरच्या बाजूची सुई ३.८ पर्यंत चढून थांबली. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाखाली एक रिकामी बाटली तारेने बांधून ठेवली, कारण पावसाळ्यात ओल्या गच्चीवर ठिबक ओळखू येत नाही. दोन्ही टँकच्या हवेचे आकडे आणि तारीख पंपाच्या पेटीच्या दाराला आतून लिहिली. हवा सहा महिन्यांनी मोजायची: एकदा पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात, एकदा नोव्हेंबरात. गाळणी मात्र विहिरीचं पाणी चालू असेल तेव्हा दर महिन्याला धुवायची.

आठव्या दिवशी बाटली कोरडी होती. गाळणीत दोन चमचे तांबूस गाळ निघाला.